सासरे म्हणतात, ‘सीएला जाहिरात शोभत नाही’

पत्र

नमस्कार. मी सीए आहे, वय 34. इचलकरंजीत सासऱ्यांनी सुरू केलेली आमची फर्म आहे. आता मी, माझे पती आणि सासरे असे तिघे भागीदार आहोत. काम ऑडिट, जीएसटी, आयकर आणि थोडं बँकांचं. क्लायंट बहुतेक सायझिंगवाले (सुताला खळ लावून देणारे), यंत्रमागधारक, सूत व्यापारी आणि काही हाउसिंग सोसायट्या. जुनी मंडळी थकली, त्यांची मुलं कारभार बघायला लागली आणि ही मुलं सगळं फोनवर शोधतात. इन्स्टाग्राम उघडलं की ‘499 रुपयांत रिटर्न’च्या जाहिराती. एका एजन्सीने आम्हाला महिना 25 हजारांचं पॅकेज सांगितलंय. त्यात 12 रील्स, 12 पोस्ट, सगळ्या सणांच्या शुभेच्छा आणि वर ‘लीड’, म्हणजे नवे क्लायंट होऊ शकतील असे संपर्क, मिळवून देण्याची हमी. पती तयार आहेत. सासरे म्हणतात, ‘सीएला जाहिरात शोभत नाही. आपलं काम बोलतं.’ मला दोघांचंही पटतं, म्हणून काहीच ठरत नाही. सध्या आमचा फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात तीनशेच्या वर क्लायंट आहेत आणि त्यावर आम्ही तारखांची आठवण टाकतो. काय करावं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

ताई, रील्सचं पुढे बघू. आधी तो ग्रुप बंद करा.

तीनशे क्लायंट एका ग्रुपमध्ये, म्हणजे तुमच्या फर्मची अख्खी क्लायंट यादी नंबरांसकट तीनशे जणांच्या खिशात. मोठ्या शहरात हे खपून जाईलही. तुमच्याकडे एकाच पेठेतले दोन सूत व्यापारी, भावावरून एकमेकांशी रोज चढाओढ करणारे, त्या ग्रुपमध्ये एकमेकांची नावं वाचताहेत. त्यातल्या एकाने रात्री घाबरून ‘मॅडम, ही नोटीस आलीय, काय करू?’ म्हणून फोटो टाकला की उजाडायच्या आत बाजारभर झालं. टाकला त्याने, पण ग्रुप तुमचा. क्लायंटच्या कामातून कळलेली माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर देणं हा चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतला पहिलाच मुद्दा आहे. ग्रुपला तो नेमका लागू होतो का, यावर वाद घालता येईल. ज्याची नोटीस फुटली त्याला त्या वादात रस नसतो.

त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात, प्रत्येकाला निरोप स्वतंत्र मिळतो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. अट एकच, त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. ही अट मला आवडते. ज्याने तुमचा नंबरसुद्धा ठेवलेला नाही तो नावापुरता क्लायंट आहे, हे यानिमित्ताने कळतं. लिस्ट करायच्याच तर चार करा. दर महिन्याला जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं रिटर्न भरणारे, ज्यांची तारीख 20. तिमाही योजनेतले, ज्यांची महाराष्ट्रात 22. सोसायट्यांचे सेक्रेटरी. आणि नोकरदार. सगळ्यांना सगळ्या तारखा पाठवल्या की माणसं म्यूट करतात, मग खरी महत्त्वाची तारीख त्यांच्यापर्यंत जातच नाही. आज तुमच्या ग्रुपचं हेच झालं असणार. कितीजणांनी म्यूट केलंय, विचारून बघा.

ग्रुप गुपचूप बंद करू नका. ‘तुमची माहिती आणि नंबर इतरांना दिसू नयेत म्हणून आम्ही हा ग्रुप बंद करतो आहोत, यापुढे निरोप तुम्हाला स्वतंत्र येईल,’ एवढं लिहा. फर्मबद्दल गेल्या कित्येक महिन्यांत तुम्ही टाकलेला सगळ्यात चांगला मजकूर तोच ठरेल.

आता सासऱ्यांबद्दल. ‘शोभत नाही’ हा त्यांनी सौम्य शब्द वापरला. 1949 च्या त्याच चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याची पहिली अनुसूची पुन्हा काढून वाचा, परीक्षेसाठी वाचलेली असली तरी. भाग एकमधला सहावा मुद्दा पत्रक, जाहिरात, वैयक्तिक संपर्क किंवा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने काम मागण्याला गैरवर्तन म्हणतो. सातवा मुद्दा आपल्या कर्तबगारीची आणि सेवांची जाहिरात करण्याला. मात्र सातव्याला एक खिडकी आहे. फर्मची माहिती आणि सेवा सांगणारा मजकूर, सीएंच्या संस्थेच्या (आयसीएआय) परिषदेने घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या चौकटीत, देता येतो. 2008 च्या सूचनांनी या मजकुरात क्लायंटची प्रशस्तिपत्रं नकोत, आपण इतरांपेक्षा श्रेष्ठ असा दावा नको, असं सांगितलं. म्हणजे ‘शहरातील अग्रगण्य’, ‘समाधानी ग्राहक काय म्हणतात’, ‘आम्ही यांचे 18 लाख वाचवले’ हे सगळं गेलं. आणि एजन्सीच्या पॅकेजचं निम्मं सामान हेच असतं.

या सूचना वेळोवेळी बदलतात. म्हणून माझ्या या परिच्छेदावर विसंबू नका. संस्थेच्या संकेतस्थळावरचा आजचा मजकूर छापून घ्या आणि सासऱ्यांच्या हातात द्या. घरातला सगळ्यात कडक परीक्षक तेच आहेत. पुढे जे काही टाकाल ते आधी त्यांनी वाचावं असा रिवाज ठेवलात तर त्यांचा विरोधही कामाला लागेल. शिवाय हे बंधन फक्त तुमच्यावर आहे असं नाही. वकिलांचा नियम 36 तर ऑफिसच्या पाटीचा आकार वाजवी असावा इथपर्यंत जातो.

‘लीडची हमी’ या दोन शब्दांवर मात्र थांबा. लीड मिळवून देणं म्हणजे तुमच्या वतीने काम मागणं, सहावा मुद्दा तिथेच उभा राहतो. उद्या हीच एजन्सी म्हणाली की महिन्याचे पैसे कमी करतो, आलेल्या प्रत्येक क्लायंटच्या फीमधून टक्केवारी द्या, तर त्याच पहिल्या अनुसूचीतला दुसरा मुद्दाही लागू होतो. सीए नसलेल्याला फीमधला वाटा, कमिशन किंवा दलाली देता येत नाही. एजन्सीला हे माहीत नसतं. तिने आदल्या दिवशी जिम आणि दागिन्यांच्या दुकानाला हेच पॅकेज विकलेलं असतं. पण तक्रार झाली तर शिस्तपालन मंडळापुढे एजन्सी येत नाही, सही करणारा भागीदार जातो.

499 वाल्यांना हे नियम लागत नाहीत, कारण त्यातले बरेच सीए नसतात. तुम्हाला त्यांचा राग येणं मी समजू शकते. पण ते तुमचं कोणतं काम नेताहेत ते बघा. साध्या पगारदाराचं रिटर्न, ज्यात तुमची फीसुद्धा फारशी नाही. टॅक्स ऑडिटवर त्यांची सही चालत नाही, कंपनीच्या ऑडिटवर चालत नाही. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर देशभर 150 ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. अशा दलालांच्या मार्फत रिटर्न भरलेली माणसं पुढे नोटिसा घेऊन कुणाच्या तरी दारात येतात. ती तुमच्या दारात आली तर घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण त्यांच्या भावाशी भाव लावू नका.

आता मुख्य गोष्ट. एक दुपार काढा. गेल्या दोन वर्षांत आलेले नवे क्लायंट एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की तो कुणाच्या सांगण्यावरून आला. मी पैज लावते, बहुतेकांपुढे माणसाचं नाव येईल. बँकेचा मॅनेजर, दुसरा सायझिंगवाला, एखाद्याचे साडू, जुना आर्टिकल (तुमच्याकडे उमेदवारी केलेला सीएचा विद्यार्थी). सीए असा कुणी स्क्रोल करता करता निवडत नाही. आपली वही, कर्ज, भाऊबंदकी, सगळं ज्याच्यापुढे उघडायचं तो माणूस कुणीतरी सांगावा लागतो. इथपर्यंत सासरे बरोबर आहेत, काम बोलतं.

पण तुमचे पतीही बरोबर आहेत, आणि ते पुढच्या पायरीवर. पूर्वी नाव कळलं की माणूस थेट ऑफिसात यायचा. आता नाव कळलं की तो आधी फोनवर ते टाकतो. सायझिंगवाल्याचा मुलगा, जो पुण्यात शिकून आलाय, त्याला वडिलांनी तुमचं नाव सांगितलं. त्याने शोधलं. काय दिसलं? नकाशावर जुना पत्ता, बंद पडलेला लँडलाइन, कुणीतरी चुकून दिलेले दोन तारे. बस. तो काही बोलत नाही, फक्त आणखी एका नावाची चौकशी करतो. सोशल मीडियाचं तुमच्यापुरतं काम या दोन पायऱ्यांच्या मधे आहे. ज्याला कुणीतरी तुमच्याकडे पाठवलंय, त्याला ‘हो, बरोबर जागी आलास’ एवढं सांगायचं. अनोळखी लोकांना खेचून आणणं हे काम नव्हेच, आणि तसं करायला गेलात की नियमही आडवे येतात.

त्यामुळे पहिलं काम फुकटातलं आहे. गूगलच्या नकाशावरची नोंद तुमच्या नावावर घ्या, पत्ता, वेळ, चालू नंबर नीट करा. दाराचा एक फोटो, कारण पेठेत जिना सापडत नाही. क्लायंटकडे ‘रिव्ह्यू टाका ना’ म्हणत फिरू नका. आपणहून कुणी वाईट लिहिलं तर त्याखाली त्याच्या प्रकरणाची हकिकत मांडून उत्तर देऊ नका, मग ते कितीही खोटं असो. ‘कृपया ऑफिसशी संपर्क साधा’ पुरे. रागाच्या भरात लिहिलेल्या अशा एका उत्तरात क्लायंटची उलाढालसुद्धा उघडी पडते.

मग लिहायचं काय? तुमचा फोन दिवसभर ज्या प्रश्नांनी वाजतो, तेच. एक वही टेबलावर ठेवा, आर्टिकल्सना सांगा की फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न क्लायंटच्याच शब्दांत उतरवायचा. महिनाभरात तुमच्याकडे वर्षभराचा मसाला असेल आणि तो कुठल्याही एजन्सीकडे नसेल. इचलकरंजीचंच उदाहरण घ्या. ‘मॅडम, कापड गेलं पण व्यापाऱ्याने पेमेंट चार महिने लांबवलं, त्याला कराचा फटका बसतो म्हणे, खरं का?’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा जो आयकराचा नियम आर्थिक वर्ष 2023-24 पासून लागू झाला, त्याबद्दल हा प्रश्न आहे. त्यावर पोस्ट कशी असावी? काहीशी अशी:

‘तुम्ही उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेतली. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. मुदत टळली आणि 31 मार्चला रक्कम थकलेली राहिली, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. माल नुसत्या व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर हा नियम लागत नाही, त्याने उद्यम नोंदणी केली असली तरी.’

झालं. यात फर्मची स्तुती नाही, ‘आजच संपर्क करा’ नाही, लाल बाण नाही. पण हे वाचून खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा, आपल्या व्यापाऱ्याला पाठवेल, व्यापारी आपल्या मुनिमाला, आणि खाली फर्मचं नाव असेल. असे विषय तुमच्याकडे ढीगभर आहेत. सोसायटीचं मासिक शुल्क 7,500 च्या वर गेलं तर जीएसटीचं काय. 30 जूनला भरायचा 2,500 रुपयांचा व्यवसाय कर, जो दरवर्षी निम्मी मंडळी विसरतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, त्याचा जुन्या साठ्यावर काय परिणाम. आणि सगळ्यात मोठा विषय म्हणजे नवा आयकर कायदा. 1961 च्या कायद्याची जागा 2025 चा कायदा घेतो, अंमल 1 एप्रिल 2026 पासून. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं. कलमांचे आकडे तुमच्या सासऱ्यांना चाळीस वर्षं तोंडपाठ, ते सगळे बदलले. मराठीत, नेमकं आणि थोडक्यात समजावून सांगणारे फार कमी आहेत. इंग्रजीत या विषयावर गर्दी आहे. तिथे जाऊन तुम्ही सात हजारावे व्हाल.

लिहायचं कुणी? तिघांपैकी एकाने, स्वतः. एजन्सीतला मुलगा चुकीची मुदत टाकेल आणि ती तुमच्या नावाने फिरेल. महिन्याला दोन पोस्ट पुरतात. दोनच, पण चुकल्या तर दुरुस्ती त्याच ठिकाणी, त्याच दिवशी.

हे कुठे टाकायचं? ब्रॉडकास्टवर तर जाईलच, शिवाय व्हॉट्सॲप चॅनेल काढा. चॅनेलवर वाचकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण तिथे कुणीही येऊ शकतो, तेव्हा चॅनेलवरचा शब्द हा चौकातला शब्द समजून लिहा. फेसबुकवर तुमची पन्नाशीपुढची मंडळी आहेत, तिथेही तोच मजकूर चालेल. इन्स्टाग्राम मी तूर्त बाजूला ठेवीन.

लिंक्डइनबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि मला वाटतं तुमचा सगळ्यात मोठा फायदा तिथे आहे. सायझिंगवाले तिथे नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण पुण्या-मुंबईच्या सीए फर्म आहेत. त्यांच्या क्लायंटचं गोदाम किंवा जॉबवर्कचा माल इचलकरंजीत असतो, त्याची साठा तपासणी करायला त्यांना तिथला भरवशाचा माणूस हवा असतो. आणि गंमत बघा, काम मागण्यावर बंदी घालणाऱ्या त्याच सहाव्या मुद्द्यात सूट आहे: एक सीए दुसऱ्या प्रॅक्टिसमधल्या सीएकडे काम मागू शकतो. म्हणजे ज्या एका दारावर तुम्हाला उघडपणे थाप मारता येते, तिथेच तुम्ही गेलेला नाहीत. तिथे तुम्हा तिघांची प्रोफाइल नीट भरा. वस्त्रोद्योगातल्या जॉबवर्कचे हिशेब, सायझिंगमधली घट, साठ्याची मोजणी, या तुम्हाला रोजच्या वाटणाऱ्या गोष्टींवर लिहा. मुंबईच्या सीएला त्या रोजच्या नसतात. आर्टिकल्ससुद्धा तिथूनच मिळतील. आर्टिकलशिप दोन वर्षांवर आल्यापासून चांगली मुलं टिकवणं किती अवघड झालंय ते तुम्ही जाणता. मुलं फर्म निवडताना तिचं काम काय दिसतं ते बघतात.

रील्स करूच नका असं मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणाला कॅमेऱ्यापुढे सहज बोलता येत असेल तर करा. माझी नजर सासऱ्यांवर आहे. ज्या माणसाने चोपडीपासून पोर्टलपर्यंतचा प्रवास पाहिलाय, तो दीड मिनिटात ‘रोख व्यवहार लिहिताना लोक कुठे अडकतात’ हे सांगेल तेव्हा गाव ऐकेल. त्यांना ‘रील करा’ म्हणू नका, उठून जातील. ‘नव्या आर्टिकल्सना समजावून सांगा, मी रेकॉर्ड करते,’ म्हणा. विषयात क्लायंट ओळखू येईल असं काही येऊ देऊ नका. ‘आपल्या गावातला एक सायझिंगवाला’ म्हटलं तरी गावाला कळतं. आणि शेअरचं नाव कुणी घ्यायचं नाही. क्लायंटला कामाच्या ओघात दिलेला सल्ला वेगळा, हजारो लोकांपुढे दिलेली टिप वेगळी. ती शेअर बाजाराच्या नियामकाची, सेबीची हद्द आहे.

सणांच्या शुभेच्छा मात्र पूर्ण बंद. बैलपोळ्याला बैलाच्या फोटोखाली फर्मचं नाव आणि तीन भागीदारांचे पासपोर्ट फोटो, हे मी पाहिलंय. त्यातून नेमकं काय साधतं ते मला आजवर उमगलेलं नाही.

25 हजारांचे वर्षाला तीन लाख होतात. त्यात एक शहाणी मुलगी पूर्ण वेळ फोनवर बसेल. सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत, तुमच्या ऑफिसचा फोन कुणी उचलतं का? ज्याला कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, ज्याने तुमची पोस्ट वाचली, त्याचा पहिला फोन नेमका तेव्हाच येतो. हे आधी निस्तरा. मग उरलेल्या पैशांत एजन्सीकडून एकदाच, ठरलेल्या रकमेत, पोस्टचा साचा आणि अक्षरांची मांडणी करून घ्या. नीटनेटकं दिसायला हवंच, त्यात काटकसर नको.

सुरुवात दिवाळीनंतर करा. ऑडिटच्या हंगामात सुरू केलेलं पान तिसऱ्या पोस्टला ओस पडतं आणि ओस पडलेलं पान नसलेल्या पानापेक्षा वाईट दिसतं. आणि एजन्सीशी काहीही ठरलं तरी सगळी खाती फर्मच्या ईमेलवर आणि फर्मच्या नंबरवर उघडा, पासवर्ड तुमच्या कपाटात ठेवा. खातं एजन्सीच्या मुलाच्या नंबरवर आणि तो मुलगा नोकरी सोडून बंगळुरूला, अशी पत्रं मला या सदरासाठी पुष्कळ येतात.